धोंड्याचं जेवण आणि माझा अंगठा

१२ एप्रिल, रविवार

लातूरचा ठोक भांडेवाला दर दिवाळीला काजूकतली पाठवायचा. या वेळी पाठवली ही डायरी. वर सोनेरी अक्षरांत त्याचंच नाव. म्हणजे त्याची जाहिरात आम्ही आमच्या भांड्यांच्या दुकानात गल्ल्यावर मांडून ठेवायची आणि वर आभारही मानायचे. इतके दिवस वजनकाट्याखाली टेकू म्हणून लावली होती. आज उघडली, कारण ह्या नांदूरघाट गावात चार शहाणपणाचे शब्द बोलावेत असा माणूस उरलेला नाही. घरात तर तो कधी नव्हताच.

सकाळी नाथाचा फोन आला. नाथा माझा मेहुणा, परळीच्या थर्मलला नोकरीला. दर वाक्याला एकदा खोकतो, त्या राखेत राहून दुसरं काय होणार. म्हणाला, दाजी, यंदा अधिक महिना आलाय, एकतीस मेला पौर्णिमेच्या रविवारी दोघा जावयांना धोंड्याचं जेवण करायचं आईनं ठरवलंय.

धोंडा तीन वर्षांनी एकदा येतो. सासूनं जावयाला पाटावर बसवायचं, परातीत पाय धुवायचे, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, तेहतीस अनारसे बांधून द्यायचे. त्या महिन्यात जावई म्हणजे नारायण. एरवी आठवण निघते ती फक्त स्वस्तात कुकर पाहिजे असला की.

दुसरा जावई म्हणजे माझा साडू बजरंग. मांजरसुंब्याला हायवेवर ढाबा आहे त्याचा. ट्रकवाल्यांना शेवभाजी खाऊ घालून माणूस इतका फुगू शकतो हे त्याला बघितल्याशिवाय पटत नाही. गेल्या धोंड्याला मी परातीत पाय ठेवला, सगळा गोतावळा भोवती उभा, आणि हा म्हणतो, "अर्जुनराव, अंगठ्याला हरभऱ्याची डाळ चिकटली काय?" सगळे हसले. नाथा हसला, त्याची बायको हसली, माझी बायको कौशल्या पदरात हसली. डोळ्यानं अधू सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत, कारण त्यांना दिसलंच नाही.

डाळ नव्हती. उजव्या अंगठ्याचं नख होतं. पिवळं, जाड, वाकडं, कापायला गेलं की भुगा पडतो. मोबाईलवर बघितलं तेव्हा कळलं, ही बुरशी. तीन वर्षं ते हसणं कानात आहे. ह्या वेळी अंगठा असा चकाकला पाहिजे की त्या ढाबेवाल्यानं आपले पाय पाटाखाली लपवावेत.

१६ एप्रिल, गुरुवार

कौशल्यानं डोकं खाल्लं म्हणून केजला जाऊन आलो. डॉक्टर पंचशीला, चामडीची स्पेशालिस्ट. आमच्याच गावची, शहादेव मास्तरची पोरगी. शहादेव माझ्याच वर्गात होता. पहिला यायचा आणि त्याचं कौतुक हेडमास्तर आमच्या पाठीवर रूळ मारत मारत सांगायचे. पोरगी मेडिकलला निघाली तेव्हा डबा माझ्याच दुकानातून घेतला होता आणि त्यावर नाव मी स्वतः टाकलं होतं. आता तीच पोरगी मला सांगणार की माझ्या पायाला काय झालंय.

नख दहा वेळा उलटंसुलटं बघितलं. मग विचारते, "काका, ह्या अंगठ्यावर कधी काही जड पडलं होतं का?" म्हटलं, भांडेवाल्याच्या पायावर काय फुलं पडतात? म्हणाली, तसं नव्हे, नीट आठवून सांगा. म्हटलं, काही नाही. तसं एकदा पितळी घंगाळ पडलं होतं, आमच्या म्हाळूच्या हातातून निसटून, नख काळंनिळं झालं होतं. पण हिला सांगावं तर हिनं आणखी एक तपासणी काढावी. एक तुकडा कापून डबीत घातलाच. म्हणे तपासायला पाठवते, बुरशी आहे का ते आधी बघू. समोर दिसतंय ते बघायला ह्यांना लॅब लागते.

पुढचा तमाशा तर विचारू नका. डोळे मिटायला लावले आणि पायाला कसलातरी नायलॉनचा दोरा टोचत बसली. कळलं की सांगा म्हणे. आता टोचते तिची ती, कधी टोचते मला काय ठावं? जरा वेळानं एकदा कळलं म्हटलं, मग परत कळलं म्हटलं. तिनं मान हलवली आणि म्हणाली साखर तपासू, बोटाला सुई टोचते. दुखणं पायाच्या अंगठ्याचं आणि रक्त हाताच्या बोटाचं. म्हटलं, जेवून आलोय, परत कधीतरी. मोबाईलवर नखाच्या लेसरची जाहिरात दिसली होती, ते विचारलं तर म्हणाली, ते दवाखान्यात करतात, त्यानंही सगळ्यांना गुण येतो असं नाही, आणि तुमच्या पायाला तर घरच्या घरी काही म्हणजे काही करू नका. पाय बधिर असला तर भाजलेलं कळत नाही.

माझा पाय, आणि मलाच कळणार नाही! शिकून शिकून माणसं किती वाया जातात.

येताना केजच्या स्टँडवर पेढे घेतले. बसमध्येच संपले. घरी येऊन अर्धा माठ पाणी प्यालो. ऊनच लई आहे यंदा.

२३ एप्रिल, गुरुवार

मोबाईलवर मागवलेलं लेसर आलं. खोका एवढा मोठा आणि आत चिमटा निघाला, वाळत घातलेल्या कपड्यांना लावतात त्याच्या थोरल्या भावासारखा. अंगठ्याला लावायचा, बटण दाबायचं, निळा उजेड पडतो, थोड्या वेळानं आपोआप बंद होतो. सोबत बारीक अक्षरांचा कागद. शेवटी हिंदीत चार ओळी होत्या, शुगरवाल्यांनी वापरू नये, पाय सुन्न असेल त्यांनी वापरू नये. मला कुठली आलीय शुगर? ती जाड्या लोकांना असते, बजरंगसारख्यांना. मी तर गेल्या वर्षभरात वाळलोय. लोक विचारतात, काय शेठ, व्यायाम करता का?

रात्री दोनदा उठावं लागलं. मोरीत मुंग्यांची रांग. कौशल्याला म्हटलं, मोरी धूत जा जरा. म्हणाली, दोनदा धुते, तरी येतात. ह्या घरात मुंग्यांना पण माझंच ऐकायचं नाही.

२ मे, शनिवार

चिमटा रोज लावतो. नख आहे तसंच, फक्त संध्याकाळी निळं दिसतं. पी हळद आणि हो गोरी म्हणणाऱ्यातला मी नाही, पण इतक्या दिवसांत काजव्यानं पण काहीतरी केलं असतं. खेळणं दिलं माझ्या हातात. असल्या जाहिरातीला भुलणाऱ्यांची मला कीव यायची. अजूनही येते, माझी गोष्ट वेगळी, मी फक्त तपासून बघत होतो.

लग्नसराई जोरात आहे. सतरा तारखेला अधिक लागला की महिनाभर लग्नं बंद, म्हणून सगळ्यांना आत्ताच बोहल्यावर चढायचंय. दिवसभर भांड्यांवर नावं टाकतोय. पूर्वी सुईची मशीन होती, टरटर वाजायची, एका पातेल्याला चहा थंड व्हायचा. आता मी लेसर मशीन आणलीय, हातात धरायची, पिस्तुलासारखी. कॉम्प्युटरवर नाव लिहायचं, नळी भांड्याला टेकवायची, घोडा दाबायचा. मामाकडून, मावशीकडून, पाहिजे त्याच्याकडून, पापणी लवायच्या आत. केज तालुक्यात पहिली मशीन माझी. लोक नुसती बघायला येतात आणि एक वाटी घेऊन जातात.

शहादेवच्या पोरीचा फोन येतोय. काल आला, आज परत आला. उचलला नाही. मोठ्या मशीनच्या तपासण्या सांगायच्या असतील. शहाण्याला शब्दाचा मार, ह्यांना तेवढा पण कळत नाही.

दुपारी एका जुन्या पातेल्याचा गंज मशीननं उडवून दाखवला गिऱ्हाइकाला. खालचं स्टील जसंच्या तसं, वरचा गंज गायब. आणि तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडला. दवाखान्यातही लेसर, माझ्या दुकानातही लेसर. ते पांढरा कोट घालून करतात आणि मी बनियनवर, एवढाच काय तो फरक. नावं वेगळी ठेवली म्हणून आग बदलते होय?

९ मे, शनिवार

केलं. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, स्टुलावर पाय ठेवला. म्हाळूला म्हटलं, पाय घट्ट धर. म्हाळू माझ्याकडं लग्नाआधीपासून कामाला आहे पण धीर कोंबडीचा. म्हणतो, "शेठ, अन् पायावर नाव उमटलं तर वो?" म्हटलं, कॉम्प्युटरवर नाव लिहिलेलंच नाही बे, नुसता चौकोन आहे. तरी गेला बाहेर, पान खायला. जाताना काळा चष्मा माझ्या पुढं ठेवून गेला, डोळं तरी झाका म्हणून. तो चष्मा घातला की मला नख दिसत नाही. न दिसणाऱ्या नखावर नेम काय धरणार? एक डोळा मिटला आणि दाबला घोडा.

धूर निघाला. बैलाच्या शिंगाला डाग दिल्यावर येतो तसा वास. म्हणजे बुरशी जळत होती. परत दाबला. पिवळी पापडी भुरभुर उडाली आणि खालून पांढरं नख निघालं, नव्या कपबशीसारखं. आणि दुखलं? मुंगी चावल्याइतकंही नाही. गार पण नाही, गरम पण नाही, काही म्हणजे काही नाही. त्या वेळी वाटलं शहादेवच्या पोरीला बोलावून समोर बसवावं आणि म्हणावं, बघ बाई, भाजलं असतं तर मी असा हसत बसलो असतो का?

डोळ्यापुढं संध्याकाळपर्यंत एक हिरवट ठिपका नाचत होता. आता कमी आहे.

१४ मे, गुरुवार

कडेला अजून पिवळं राहिलं होतं. आज परत मारलं. स्टीलच्या ताकदीवर नीट निघेना, म्हणून पितळेची ताकद लावली. पितळेला जरा जास्त लागते. ह्या वेळी नखाच्या मुळाशी पण मारलं, कारण बुरशीचं मूळ मुळातच असतं, हे सांगायला एम.बी.बी.एस. लागत नाही.

दुखलं नाही. आयुष्यात इतक्या लोकांनी मला शहाणपण शिकवलं, एकालाही स्वतःची नखं नीट कापता येत नाहीत.

१९ मे, मंगळवार

अधिक लागला. दुकानात माशा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

अंगठ्याला फोड आला होता, तो फुटला. आता वर काळी खपली धरलीय आणि कडेनं ओलं येतं. वास येतो. बुरशी मरताना घाण बाहेर टाकणारच, अंगणातली घूस मेली तर आठवडाभर वास येतो, ही तर माझ्या अंगातली होती. हळद भरली, कापूस लावला.

काल एक गंमत झाली. पोस्टातून घरी आलो तर कौशल्या विचारते, उजव्या पायातली चप्पल कुठं? बघितलं तर खरंच एकच चप्पल. दुसरी मारुतीच्या देवळापाशी सापडली. मी तिथून घरापर्यंत एका चपलेवर आलो होतो, ह्या उन्हात, तापलेल्या डांबरावरून. विचारात असलं की असं होतं. विचार करणाऱ्या माणसाचं कौशल्याला काही कौतुकच नाही. ती तोंडावर पदर धरून पायाकडं बघत बसली आणि रडायला लागली.

२६ मे, मंगळवार

आज घरात भांडण झालं, तेही सगळं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको.

दोन दिवस कणकण आहे. पाय जरा सुजलाय, घोट्यापर्यंत लाल झालाय. नवी सॅन्डल आणली ती चढेना. कौशल्यानं माझ्या माघारी शहादेवच्या पोरीला फोन केला. ती म्हणे ओरडली, आत्ताच्या आत्ता घेऊन या, नाहीतर सरळ अंबाजोगाईला न्या. माझ्या घरातली गोष्ट माझ्या घराबाहेर गेली कशी? म्हटलं, एकतीस तारखेपर्यंत मी कुठंही जाणार नाही. पट्टी बांधून, लंगडत, त्या बजरंगसमोर पाटावर बसू? तो म्हणेल डाळीचं वरण झालं.

कौशल्यानं आजवर कधी आवाज चढवला नव्हता. आज म्हणाली, "अवो, त्या ढाबेवाल्याला दाखवायला पाय पायजे ना? मग पाय तर ऱ्हाऊ द्या की."

मी ताट सारलं आणि दुकानात येऊन बसलो. सासरी न्यायला मोठी पितळी परात काढली, दुकानातली सगळ्यात जड. तळाशी मशीननं नाव टाकलं, जावई अर्जुनराव यांजकडून, अधिक मास, भोवती वेलबुट्टी. बजरंग काय नेणार, पनीर? ह्याच परातीत पाय धुवून घेणार. अंगठ्यावरची खपली तेवढी आदल्या दिवशी काढतो, अत्तर लावतो. आतलं नख पांढरंशुभ्र असणार, बघितलंय मी.

मला भीती वाटत नाही. ताप उन्हाचा आहे.

४ जून, गुरुवार. अंबाजोगाई, दवाखाना

पेन धरवतंय, म्हणून लिहितो.

एकतीसला परळीला गेलो. गाडीतून उतरतानाच डोकं गरगरत होतं, पण धोतर नेसून पाटावर बसलो. थोरला जावई म्हणून पहिला मान माझा. बजरंग शेजारच्या पाटावर, पायाला काहीतरी चोपडून आला होता, टाचा आरशासारख्या. मी कापूस काढला आणि पाय परातीत सोडला. खाली बघितलं नाही. बजरंगच्या तोंडाकडं बघत होतो, कधी उतरतंय ते.

सासूबाई सुंदरबाई. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यात मोतीबिंदू. सगळी हयात म्हशींत गेली, आमच्या लग्नात पण शेणाचा हात धुवून मंडपात आल्या होत्या. मी त्या बाईला आजवर अडाणी म्हणत आलो, तोंडावर नाही पण मनात रोज. त्यांनी पाणी घातलं, हातानं पाय चोळायला लागल्या. चोळता चोळता हात थांबला. बोटं नाकाशी नेली. मग परत पाय धरला आणि दाबला.

"जावईबापू, दुखतंय का?"

म्हटलं, नाही, दुखंल कशाला. परत विचारलं, आता? म्हटलं, नाही. सगळे उभे, हळदीकुंकवाचं ताट हातात घेऊन, कुणाला काही कळेना. मला वाटलं, म्हातारी भर कार्यक्रमात माझी शोभा करते. बजरंगवरून नजर हलवली नाही.

मग त्या म्हणाल्या, "वर बगा, खाली बगू नका. मी कंचं बोट धरलंय सांगा."

म्हटलं, अंगठा.

 आवाज निघाला तो कौशल्याचा. मी खाली बघितलं. सासूबाईंनी माझी करंगळी धरली होती, मुठीत, घट्ट, आणि मला पत्ता नव्हता. अंगठा सुटाच होता. काळा, फुगलेला, आणि परातीतलं पाणी तांबूस झालं होतं. त्या पाण्याखाली माझं नाव होतं.

कुणीही हसलं नाही. मला हसणारा एकजण पाहिजे होता, म्हणजे मी त्याच्यावर ओरडलो असतो. बजरंगनं मला पाटावरून उचललं. त्या ढाबेवाल्यानं, गव्हाचं पोतं उचलतात तसं, आणि गाडीत घातलं. नाथा चालवत होता. बजरंग मागं बसला, माझा पाय मांडीवर घेऊन, धोंड्याचं नवं कोरं उपरणं गुंडाळून. घाटात गाडी हादरली की पायाखाली हात धरायचा.  उपरणं वाया गेलं, त्याचं नवंकोरं धोतरही.

इथं साखर तपासली. डॉक्टरांनी आकडा दोनदा बघितला आणि विचारलं, किती वर्षं आहे? म्हटलं, नाहीच. ते कौशल्याकडं बघून म्हणाले, बरीच वर्षं असणार, पायाच्या नसा गेल्यात.

अंगठा काढला. पाय वाचेल म्हणतात, बहुतेक. बहुतेक हा शब्द मी गिऱ्हाइकाला फार वापरतो, कल्हई टिकेल का विचारलं की.

९ जून, मंगळवार

शहादेव आणि त्याची पोरगी येऊन गेले. तोंड फिरवून झोपायचं सोंग घेणार होतो, पण शहादेवनं खुर्ची ओढली आणि बसला, बोलला काही नाही. शाळेत पण असाच होता, उत्तर येत असलं तरी विचारल्याशिवाय बोलायचा नाही. ह्याच गोष्टीचा मला राग यायचा, आजही आला.

पोरीनं कागद वाचले, पट्टी उघडून बघितली. मी वाट बघत होतो की आता म्हणेल, सांगितलं होतं ना काका. तिनं ते म्हटलं नाही. शेवटी मीच म्हटलं, बुरशी तर गेली ना पण? समूळ गेली.

तिनं पट्टी परत बांधली. मग म्हणाली, "काका, बुरशी नव्हतीच. नखाला जुना मार होता. तसंच राहिलं असतं जन्मभर, दिसायला वाईट, बाकी काही नाही. तेच सांगायला फोन करत होते."

मग परत तोच प्रश्न विचारला, काय पडलं होतं पायावर?

म्हटलं, घंगाळ. पितळी.

तिनं मान हलवली, तेव्हा दोऱ्याच्या वेळी हलवली होती तशीच. तेव्हाच तिला कळलं होतं की मी खोटं बोलतोय. मला वाटत होतं मी तिला बनवलं. शहादेवनं जाताना खिशातून मोसंबी काढून ठेवली, कौशल्याला म्हणाला, साखरेला चालतंय का ते विचारून द्या. एवढा राग आला मला, आणि कुणाचा आला ते सांगता येईना. उशीत तोंड घातलं. कौशल्यानं विचारलं, दुखतंय का? काय सांगू बाईला, दुखत नाही हेच तर सगळं दुखणं होतं.

१४ जून, रविवार. घरी

उद्या अमावास्या, धोंडा संपतो. सकाळी अकराच्या बसनं सासूबाई आल्या, एकट्या, परळीवरून, दोन ठिकाणी बस बदलून, डोक्यावर ती परात घेऊन. सगळ्यात जड परात काढायची माझीच अक्कल. कौशल्या म्हणाली, आई, कावून आणलीस गं एवढं वझं? तर म्हणाल्या, एकच पाय धुतलाय, अर्ध्यावर सोडलेलं धोंड्याचं पाय धुणं घरात ठेवू नये. असलं काही शास्त्र नाही. म्हातारीनं वाटेत बनवलं असणार.

म्हटलं, नको. मला कुणाची कीव नको आहे. त्यांनी ऐकलंच नाही. पाट मांडला, परात ठेवली, डावा पाय उचलून आत घेतला. उजवा पट्टीत, बाजेवर. अनारसे आणले नव्हते. त्याऐवजी भाजलेले हरभरे, पदराच्या गाठीत. आता हेच खायाचं म्हणाल्या.

पाणी घातलं. बोटांच्या मधून मधून हात फिरवला, म्हशीचा खूर बघतात तसा, टाच बघितली, तळवा बघितला. पाणी स्वच्छ होतं, तळाशी माझं नाव, वेलबुट्टीसकट, इतकं ठळक की आंधळ्यानं हात लावून वाचावं. मशीन चांगलीच आहे, त्याबद्दल वाद नाही. म्हाळू उद्यापासून चालवणार आहे, काळा चष्मा घालून.

मग म्हणाल्या, डोळं मिटा.

म्हटलं, सासूबाई, पुरे झालं आता. त्या थांबून राहिल्या, पाय हातात धरून. शेवटी मी डोळे मिटले. बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर सुरू करत होतं, तो सुरू होईना. पाण्याचा आवाज आला, हात लागलेला जाणवला नाही.

"कंचं बोट?"

अंगठा म्हणावं असं तोंडात आलं होतं. करंगळी म्हणावं असंही आलं. दोन्हीतलं एक तरी बरोबर निघालं असतं कदाचित, आणि म्हातारी खूश होऊन बसनं घरी गेली असती. कौशल्या दारात उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

म्हटलं, कळत नाही.

सासूबाईंनी पदरानं पाय पुसला. म्हणाल्या, मग आजपासून रोज डोळ्यानं बगायचं.